आडोसा संपतो तिथून

सोलापूरच्या आसपास सायकल चालवणाऱ्याला चढ शोधावा लागतो, वारा शोधावा लागत नाही. जून-जुलैत तो पश्चिमेकडून असा सुटतो की मोहोळच्या दिशेने निघालेला माणूस सपाट रस्त्यावरही हलक्या गीअरवर येतो. अक्कलकोट रस्त्याला तोच वारा पाठीशी असतो, आणि तुळजापूर रस्त्याला हिप्परगा तलाव मागे पडला की डावीकडून रेटत राहतो. मध्ये अडवायला काही नाही, माळ आणि काळी जमीन. घाट म्हणावा असा चढ थेट तुळजापूरच्या तोंडाशी, सुमारे ४५ किलोमीटरवर, आणि तोही लवकर संपणारा.

याच दिवसांत टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली सायकल शर्यत चालू असते. तिथल्या आणि आपल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास डोंगरमाथ्यावर संपणारा टप्पा इथे रात्री नऊला, ऐन जेवणाच्या वेळी संपतो. आल्प्स आणि पिरेनीजच्या त्या उंचीचा आपल्या पठाराशी संबंध तो काय, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटू शकतं. मला उलट वाटतं. या शर्यतीचा निकाल घाटात लागतो हे खरं, पण घाटाच्या पायथ्याशी कोण किती ताकद शिल्लक ठेवून पोचला यावर तो बराचसा आधीच ठरलेला असतो. आणि तिथपर्यंत पोचणं हा सगळा वाऱ्याशी व्यवहार आहे. तो व्यवहार सोलापूरच्या सायकलस्वाराइतका कोणाला माहीत असणार?

आधी शर्यतीचा साचा. २३ दिवसांत २१ टप्पे, दोन दिवस विश्रांती, एकूण अंतर साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर, प्रत्येक संघात ८ स्वार. रोजचा वेळ रोज मोजतात आणि बेरीज होत जाते. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, पिवळी जर्सी त्याची. त्यासाठी रोज पहिलं यावं लागत नाही. १९८९ साली ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्याँ यांच्यात तीन आठवड्यांच्या अखेरीस ८ सेकंदांचा फरक राहिला होता. सपाट टप्प्यावर घोळका एकत्र पोचला की त्यातल्या सगळ्यांना एकच वेळ मिळतो, म्हणून असे दिवस बेरजेच्या दृष्टीने कोरडे जातात. घाटात घोळका फुटतो आणि वेळा विखुरतात. घाटांना चौथीपासून पहिलीपर्यंत श्रेणी देतात, आणि त्याहून अवघड घाट सरळ श्रेणीबाहेरचे मानतात. माथ्यावर पुढे पोचणाऱ्यांना गुण मिळतात, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला लाल ठिपक्यांची जर्सी. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तोच हा मान.

टूर १९०३ साली सुरू झाली, पण मोठे डोंगर तिच्यात आले १९१० साली, पिरेनीजमधल्या २,११५ मीटर उंचीच्या टूर्मलेच्या रूपाने. पुढच्याच वर्षी आल्प्समधला गालिबिए आला. तेव्हा रस्ते कच्चे होते, आणि चालत्या सायकलवर गीअर बदलणारा डिरेलर टूरमध्ये चालू लागला तो थेट १९३७ साली. त्याआधी चढ आला की उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रीवर चेन चढवायची.

आता आकडे, कारण सगळा खेळ त्यांच्यात आहे. ६४ किलोचा स्वार आणि ८ किलोची सायकल, कपडे, बाटली धरून एकूण ७२ किलो समजा. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी ४० किलोमीटर वेग राखायला त्याला साधारण २८० ते ३०० वॉट लागतात. त्यातले दहात जवळजवळ नऊ भाग निव्वळ हवा बाजूला सारण्यात जातात, उरलेला टायरच्या आणि चेनच्या घर्षणात. म्हणून पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून बसलं की तीस टक्के किंवा त्याहून जास्त ताकद वाचते, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहून कितीतरी जास्त. हाच माणूस ८ टक्के चढावर ताशी २० किलोमीटरने चढू लागला की हिशोब उलटा होतो. गुरुत्वाकर्षण बहुतेक सगळं खातं आणि हवेचा वाटा दहात एकावर किंवा त्याच्याही खाली येतो. मागे बसून तिथे वाचणार ते दोन-चार टक्के. सपाटीवर लपता येतं, घाटात लपता येत नाही. आठ जणांच्या संघातले सात जण पाच तास जे राबतात ते आपल्या नेत्याला, आडोसा संपतो त्या जागेपर्यंत, ताजा आणून सोडण्यासाठी.

बाजूचा वारा हा या कामातला सर्वांत कठीण धडा. वारा डावीकडून असेल तर आडोसा थेट मागे मिळत नाही, उजवीकडे तिरका मागे मिळतो. म्हणून स्वार तिरकी रांग धरतात: पहिला रस्त्याच्या डाव्या कडेला, दुसरा त्याच्या उजव्या मागच्या अंगाला, तिसरा त्याच्या. पाळी संपली की पुढचा माणूस वाऱ्याच्या बाजूला सरकतो आणि हळूहळू मागे येतो. येताना पुढे जाणाऱ्यांना त्याचा आडोसा मिळतो. रस्त्याच्या रुंदीत अशी दहा-पंधरा माणसं मावतात. सोळाव्याला जागा नसते. तो उजव्या कडेवर, थेट वाऱ्यात, पुढच्याच्या मागे एकेरी रांगेत अडकतो आणि काही मिनिटांत तुटतो. डोंगराच्या आदल्या दिवशी, सपाट प्रदेशात, अशा वाऱ्यात सापडून एखाद्या दावेदाराने दीड-दोन मिनिटं घालवली की ती परत मिळवायला त्याला दोन घाट कमी पडतात.

तुळजापूर रस्त्याला वारा बरोबर असाच मिळतो, तरी तिथे तिरकी रांग धरू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. आपण डावीकडून चालतो, वाराही डावीकडून. रांग उजवीकडे पसरली की ती थेट वाहतुकीत जाते. शर्यतीत रस्ता बंद असतो, इथे मागून ट्रक येत असतो. चार-पाच जणांनी एकेरी रांग धरावी, पुढच्याने ४० ते ६० सेकंदांत पाळी बदलावी, आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घालू नये. चाकं घासली तर पडतो तो मागचा. पुढच्याला बहुतेक वेळा कळतही नाही.

पायथ्याकडे येऊ या. मोठ्या घाटाच्या आधीचे शेवटचे दहा किलोमीटर बघताना शर्यत अचानक वेडी झाल्यासारखी वाटते. घाट सुरू व्हायचा आहे, तरी सगळे संघ ताशी ५५-६० ने पळू लागतात. कारण साधं आहे. घाटाचा रस्ता अरुंद असतो, वळणावर घोळका चिमटतो, आणि शंभराव्या जागेवरचा माणूस चढ सुरू व्हायच्या आतच अर्धा मिनिट मागे पडलेला असतो. ते अर्धं मिनिट चढावर भरून काढायचं तर त्याला पहिली पाच मिनिटं आपल्या मर्यादेच्या वर राबावं लागतं, आणि मर्यादेच्या वर घालवलेली ताकद त्याच चढावर परत मिळत नाही. संघातली धिप्पाड, सपाटीवरची माणसं इथे शेवटचं काम करतात: नेत्याला पहिल्या वीसात आणतात आणि बाजूला होतात.

मग चढ. सर्वोत्तम स्वार तासाला १,७०० मीटरच्या आसपास उंची चढतात. वरच्या ७२ किलोच्या हिशोबाने त्याला ४०० वॉटच्या घरात ताकद लागते, म्हणजे स्वाराच्या स्वतःच्या वजनाच्या दर किलोला सहा वॉटहून जास्त, आणि तीही पाच तासांच्या सायकलिंगनंतर, तिसऱ्या आठवड्यात. इथे वजनाला किंमत येते. ४०० वॉटवर १,००० मीटर उंची चढताना एक किलो जादा वजन सुमारे २५ सेकंद खातं. अर्धा लिटर भरलेली बाटली १४ सेकंद. शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी बाटली अर्धी रिकामी करणारा स्वार म्हणूनच दिसतो. सायकल मात्र हवी तितकी हलकी करता येत नाही. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने ती ६.८ किलोच्या खाली चालत नाही.

गीअरच्या बाबतीत आपल्याकडे एक हट्ट फार दिसतो: जड गीअर म्हणजे मर्दपणा. व्यावसायिक स्वार आज मागे ३० किंवा ३४ दात्यांची मोठी चक्री घेऊन डोंगरात जातात. पुढे ४० आणि मागे ३४ दाते असले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी तेरा-साडेतेरा किलोमीटर. अगदी तीव्र वळणावरही त्याचे पाय अडकत नाहीत. आपल्यातला ७५ किलोचा, १० किलोच्या सायकलवरचा, २०० वॉट टिकवू शकणारा माणूस ८ टक्के चढावर ताशी साडेनऊच्या आसपास जातो. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतील तर त्याचे पाय मिनिटाला ६३ फेरे मारतील, आणि गुडघे संध्याकाळी बोलतील. मागे ३४ लावली तर ७५-७६ फेरे होतात. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बदलताना एवढंच पाहायचं: डिरेलरचा पिंजरा तेवढ्या मोठ्या चक्रीला पुरतो का, आणि चेनची लांबी. आखूड चेनवर पुढची मोठी आणि मागचीही मोठी चक्री अशी जोडी पडली की डिरेलर ताणून मोडतो, आणि तो मोडतो नेमका घाटात.

चढण्याची रीत दिसायला कंटाळवाणी आहे, पण तिच्यात फार शहाणपण आहे. नेत्याचे सहकारी एकामागून एक पुढे येऊन एकसारखा, कठीण वेग धरतात. त्या वेगाने कोणी एकदम सुटत नाही, पण मागून माणसं गळत जातात. वेग इतका चढा ठेवायचा की हल्ला करायला कोणाकडे काही उरू नये. हे मोडायचं तर दोघं लागतात. २०२२ सालचा अकरावा टप्पा याचं सुंदर उदाहरण. गालिबिएवर प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्ड या एकाच संघातल्या दोघांनी पिवळ्या जर्सीतल्या तादेय पोगाचारवर पाळीपाळीने हल्ले केले. प्रत्येक वेळी पाठलाग पोगाचारलाच करावा लागत होता, कारण त्याच्याजवळ तिथे सहकारी उरले नव्हते. गालिबिएवर तो तुटला नाही. तुटला त्यानंतरच्या कोल द्यु ग्रानोंवर, ११ किलोमीटर लांब आणि सरासरी ९ टक्क्यांच्या चढावर, आणि जवळजवळ तीन मिनिटं गमावून बसला. पिवळी जर्सी विंगेगार्डकडे गेली ती पॅरिसपर्यंत. दोन वर्षं जिंकलेला माणूस त्या दिवशी ग्रानोंवर अशक्त दिसला, पण त्याचा खर्च आधीच्या घाटावर झाला होता.

दोन घाटांमधली दरी बघायला विसरू नये. प्रक्षेपणात तेवढ्यात जाहिराती लागतात, पण संघ तिथे डाव खेळत असतात. दरीत रस्ता सपाट होतो, वारा पुन्हा राजा होतो, आणि एकटा सुटलेला स्वार तिथे मरतो. म्हणून शहाणे संघ सकाळीच एक-दोन सपाटीवरची माणसं पुढे पळणाऱ्या टोळीत पाठवून ठेवतात. नेता पहिला घाट उतरून दरीत येतो तेव्हा ती माणसं थांबून त्याची वाट बघत असतात आणि त्याला पाठीशी घेऊन दुसऱ्या पायथ्यापर्यंत नेतात.

खाण्याविषयी थोडं सविस्तर, कारण डोंगरात सर्वांत जास्त माणसं इथे मोडतात. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, ४००-५०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण जोरावर जेमतेम दोन तासांचं इंधन. डोंगरी टप्पा पाच तासांचा. तूट रस्त्यावरच भरून काढावी लागते. आजचे स्वार तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. नुसतं ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच्या वर आतड्यातून शोषलं जात नाही. फ्रुक्टोजला वेगळी वाट असते, म्हणून दोन्ही मिसळून देतात. आपल्या घरातली साखर ही निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोजच. अर्धा लिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू, एवढ्यात चांगलं पेय होतं. त्याच्या जोडीला तासाला एक केळं, म्हणजे आणखी २५ ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की पहिल्या दोन तासांत ठीक. तिच्यातलं तेल पोटात रेंगाळतं, म्हणून चढाच्या आधी नको. आतड्यालाही सराव लागतो. तासाला ४० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला दहा-दहा वाढवावेत. पहिल्याच दिवशी ९० घेतले तर पोट फुगतं आणि मळमळ होते. आणि भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर. एकदा ताकद बसली की माणूस ४०० वॉटवरून २०० वर येतो आणि त्या चढावर तरी पुन्हा वर जात नाही.

उष्णतेचं गणित सोलापूरला सांगायची गरज नसावी, तरी एक बारकावा आहे. शरीर इंधनातला चौथा हिस्साच कामाला लावतं, बाकीची उष्णता. ४०० वॉट पायडलवर दिसतात तेव्हा १,२०० वॉट अंगात तापत असतात. सपाटीवर वेगामुळे अंगाला वारा लागतो. चढावर वेग पडतो आणि घाम वाळत नाही. वारा पाठीशी असेल तर आणखी वाईट: ताशी १५ ने वारा आणि ताशी १५ नेच तुम्ही, म्हणजे अंगाभोवतीची हवा जागच्या जागी. तुळजापूरच्या घाटात सकाळी नऊनंतर जीव कासावीस होतो त्याचं अर्धं कारण हे. टूरमध्ये अशा वेळी पातळ मोज्यात बर्फाचे खडे भरून मानेमागे जर्सीत खुपसतात. १९६७ साली माँ व्हाँतू या डोंगराच्या उघड्या, तापलेल्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश स्वार कोसळून गेला. त्याच्या अंगात उत्तेजक औषधं होती, वर ऊन आणि पाण्याची कमतरता. पूर्वी स्वाराने टप्प्यात किती पाणी घ्यावं यावर बंधनं असत, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

उतारावर वेळ कमी मिळतो आणि धोका जास्त. ताशी ८० ते १०० चा वेग सहज येतो. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात बाहेरचा पाय खाली आणि सगळा भार त्याच पायावर. नजर वळणाच्या शेवटावर. सतत ब्रेक धरून उतरणारा माणूस सावध वाटतो, पण त्याचे ब्रेक तापून ढिले पडतात. जोरात दाबायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा. माथ्यावर घामाने भिजलेल्या अंगाला दोन मिनिटांत हुडहुडी भरते, बोटं बधिर होतात आणि लिव्हर दाबला जात नाही. म्हणून माथ्यावरच जॅकेट चढवतात. पूर्वीचे स्वार प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीखाली छातीवर घालत. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं २००३ साली, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा स्वार पडून दगावल्यानंतर. त्याआधी लोक या वेगाने टोपी घालून उतरत होते.

आणि हवामान. २०१९ साली आल्प्समधल्या इझराँ घाटाच्या २,७६४ मीटर उंच माथ्यावरून स्वार उतरत असतानाच पुढच्या दरीत गारा आणि दरड कोसळली, टप्पा तिथेच थांबवला, आणि माथ्यावरच्या वेळा धरून एगान बर्नालला पिवळी जर्सी मिळाली.

या सगळ्यामागे चालणारी व्यवस्था सोलापूर जिल्ह्याला नवी वाटू नये. आषाढीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक माणसांच्या आधी पुढच्या मुक्कामी पोचून राहुट्या ठोकतो आणि चुली पेटवतो, तसाच संघाचा स्वयंपाकाचा ट्रक आणि गाद्या-उशांची गाडी पुढच्या गावाला आधीच पोचलेली असते. मेकॅनिक रात्री आठही सायकली धुतात, चेन पुसून तेल देतात, टायरवर काचेचा कण अडकलाय का ते बोट फिरवून बघतात. गाडीच्या टपावर नेत्याची जादा सायकल कडेला ठेवतात, म्हणजे गाडी थांबताच हाताला लागते. पंक्चर झाल्यावर आता बऱ्याचदा चाक न बदलता अख्खी सायकलच बदलतात. डिस्क ब्रेकमुळे चाक काढायला-बसवायला वेळ लागतो.

शेवटी मागच्यांविषयी. विजेता माथ्यावर पोचला की टीव्हीवरची शर्यत संपते, पण रस्त्यावर आणखी अर्धा-पाऊण तास चालू असते. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते, विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांनी. विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा १५ टक्के असली तर ४५ मिनिटांच्या आत यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरुवातच नाही. सपाटीवर वेगाने सुटणारे, वजनदार स्वार एकत्र येऊन मागे एक टोळी करतात. वैर बाजूला ठेवून तिथे सगळे मिळून गणित मांडतात: चढावर एका तालात, कोणालाही न तोडता, उतारावर जिवाची बाजी, आणि दरीत सगळ्यांनी पाळीपाळीने वारा खात पूर्ण जोर. चढावर हरवलेली मिनिटं ते सपाटीवर, आडोशाच्या जोरावर परत मिळवतात. २०१८ साली मार्क कॅव्हेन्डिश आल्प्समधल्या टप्प्यावर या मर्यादेबाहेर गेला आणि घरी गेला. हाच माणूस २०२४ साली ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांच्या विक्रमाच्या पुढे गेला, आणि त्या टूरमध्येही सगळे डोंगर त्याने याच टोळीत बसून ओलांडले.

म्हणून डोंगरी टप्प्याच्या रात्री निकाल बघताना वरची दहा नावं वाचून थांबू नये. यादी तळापर्यंत सरकवावी आणि दावेदारांच्या संघातले सपाटीवरचे कोण वेळेत आले, कोणी शर्यत सोडली, ते पाहावं. ज्या संघाची अशी दोन माणसं कमी झाली, त्याच्या नेत्याला पुढच्या वाऱ्याच्या दिवशी आडोसा कोण देणार, हे त्या यादीवरून आदल्या रात्रीच कळतं.